पाण्याकाठचा शोक

व्हिक्टर वास्नेत्सोव्ह या रशियन चित्रकाराचे ‘अल्योनुष्का’ (१८८१) हे चित्र परीकथेवरचे म्हणून ओळखले जाते. परंतु कथेतील एकही घटना त्यात नाही. तहानेने व्याकूळ झालेला इवानुष्का बहिणीचे न ऐकता शेळीच्या खुराच्या ठशात साचलेले पाणी पितो आणि करडू होतो. पुढे चेटकीण त्या बहिणीला, अल्योनुष्काला, गळ्यात दगड बांधून पाण्यात बुडवते. चित्रात करडू नाही, चेटकीणही नाही. आहे ती केवळ काळोख्या डोहाकाठी दगडावर बसलेली, अनवाणी, गुडघ्यांवर डोके टेकलेली एक मुलगी.

रसविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर, शोकाचे आलंबन येथे दृष्टीआड आहे आणि उद्दीपनानेच सारा पट व्यापला आहे : मागचे दाट अरण्य, करडे आभाळ, पाण्यावरची पिवळी पाने. दगड आणि पाणी यांची प्रतीकात्मकता कथा जाणणाऱ्यालाच उमगते. भावाची तहान आणि बहिणीचा मृत्यू या दोहोंचे पाणी एकच. आज आसन झालेला दगड उद्या गळ्यातला. तरीही ती आधी दगड आणि पाणीच राहतात. अर्थ सांगण्याची घाई त्यांना नाही, आणि म्हणूनच प्रतीक भाववृत्तीत विरघळते.

एक प्रश्न मात्र उरतो. १८८० च्या उन्हाळ्यात अख्तिर्का येथे दिसलेल्या एका खेडवळ मुलीच्या रूपातून चित्रकाराला ही नायिका गवसली. चित्राचे पहिले नाव ‘वेडी’ अशा अर्थाचे होते. तो रशियन शब्द त्या काळी अनाथ मुलींनाही लावला जाई. मग परीकथेचे नाव देऊन एका निराधार जिवाचे वास्तव दुःख सुंदर, आणि म्हणून सुसह्य, करून टाकले गेले काय?

या आक्षेपाचे उत्तर चित्राच्या मौनात आहे. कथेच्या अखेरीस बहीण पाण्याबाहेर काढली जाते, करडाचा पुन्हा भाऊ होतो. चित्र त्या सुटकेची चाहूलही लागू देत नाही. कथेचे आश्वासन त्या मुलीला मिळत नाही. उलट तिचे अनवाणी पायच कथेला मिळतात. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात या चित्रापुढे उभा राहणारा प्रेक्षक अद्भुताची अपेक्षा घेऊन येतो आणि ज्याला कोणतीही कथा सोडवू शकत नाही अशा एकटेपणासमोर थबकतो.