चढतं पाणी, उतरतं पाणी

कोलाडजवळच्या कुंडलिकेचं माझं तैलचित्र सही होऊन भिंतीवर लागलं होतं. तरी त्याच्यासमोर उभं राहिलं की नजर उजव्या काठच्या खडकांशी अडखळायची. रचना जमली होती, रंगही जमले होते, पण ती नदी वाटत नव्हती. शेजारचे काका राफ्टिंगच्या बोटींवर काम करतात. चित्र बघून त्यांनी एवढंच विचारलं, "यात पाणी चढतंय का उतरतंय?"

हा प्रश्न इथल्याच माणसाला सुचावा. कुंडलिका भर उन्हाळ्यात वाहते ती भिऱ्याच्या वीजघरामुळे. एरवी भीमेतून पूर्वेकडे गेलं असतं ते मुळशीचं पाणी 1927 पासून सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला येतं, वीज करतं आणि मग या नदीला मिळतं. ते सहसा सकाळी सुटतं, त्यावर राफ्ट जातात. नंतर पातळी उतरत जाते. पाणी चढताना खडक थेट कडेपर्यंत कोरडे, करडे असतात. उतरताना पाण्याच्या वर ओला, काळपट पट्टा राहतो. माझ्या चित्रात ऊन संध्याकाळचं होतं आणि खडक सकाळचे.

पूर्ण झालेल्या चित्राला हात लावू नये, असं बरेच चित्रकार मानतात. मला ते पटत नाही. पिएर बोनार तर संग्रहालयात टांगलेल्या स्वतःच्या चित्रावरही गुपचूप ब्रश फिरवायचा, असं सांगतात.

खडकांवरचे रंगाचे उंचवटे पॅलेट नाइफने खरवडले, पॉलिश पेपरने घासून सपाट केले. मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात पुसून घेतला. त्याने विटलेला जुना रंग पुन्हा उजळतो आणि नवी छटा त्याच्याशी जुळवता येते. वर बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा पारदर्शक थर दिला. खालच्या थरापेक्षा वरच्यात तेल जास्त हवं, नाहीतर पुढे भेगा पडतात.

पट्टा काळवंडला आणि आभाळ एकदम भडक दिसू लागलं. ते उतरवलं, तर पलीकडची झाडी पुढे आली. मग झाडीतला पिवळा मारला. फेसाचे पांढरे फटकारे मला फार आवडायचे, पण उतरत्या पाण्याला एवढा फेस नसतो. तेही गेले.

पावसाळी हवेत थर वाळायला वेळ लागतोय. व्हार्निश त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. तोवर डावा काठही एकदा बघायचा आहे.