पिशवी खाली ठेवा

नोकरीच्या पहिल्या वर्षी उर्दू माध्यमाच्या पाचवीत मराठीचा तास घेत होते. म्हणाले, "पिशव्या खाली ठेवा." मागच्या बाकावरच्या एका मुलाने पिशवी सरळ उलटी केली. वह्या, कंपास, डबा, सगळं बाकावर. वर्ग हसला आणि मी त्याला रागावले. नंतर लक्षात आलं, पोरगं माझंच ऐकत होतं. मराठीत खाली म्हणजे जमिनीवर, उर्दूत खाली म्हणजे रिकामं.

हे आठवायला कारण माझा भाचा. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या मोहल्ल्यात आम्ही काही शिक्षिका दर रविवारी दहावीच्या ३८ मुलींचा वर्ग घेतो. त्यासाठी त्याने एक एआय मदतनीस बनवून दिला. आपण साध्या बोलीत सांगायचं, तो मुलीची नोंद शोधतो, फी पाहतो, पालकांना मेसेज पाठवतो. या प्रत्येक कामाला 'टूल' म्हणतात. कोणतं टूल कधी वापरायचं आणि त्याला काय माहिती द्यायची, हे मदतनीसच ठरवतो.

एका रविवारी मी त्याला सांगितलं, अमुक मुलीच्या अम्मीला कळव, दोन महिन्यांची फी बाकी आहे. मेसेज ३८ घरी गेला. मुलीच्या नावासकट.

भाच्याला फोन केला तेव्हा मी नीट बोलूही शकत नव्हते. त्याने तपासलं. टूलचं वर्णन एवढंच होतं: 'पालकांना मेसेज पाठवते.' रकाने दोन, 'मजकूर' आणि 'विद्यार्थी'. दुसऱ्यात नाव लिहायचं की हजेरी क्रमांक, याचा पत्ता नाही, म्हणून मदतनीसाने तो मोकळा सोडला. आणि मोकळा रकाना म्हणजे अख्खा वर्ग.

"पण खाला, कोडमध्ये मी तसं लिहून ठेवलं होतं," तो म्हणाला.

"तो कोड वाचतो का?"

"नाही. त्याला फक्त नाव, वर्णन आणि रकाने दिसतात."

म्हणजे परीक्षेच्या हॉलमधला विद्यार्थीच. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होतं, ते त्याला कसं कळणार? 'कोणतेही दोन सोडवा' लिहायचं राहिलं, तर तो सगळे सोडवत बसेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशी टूल्स जोडण्यासाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत जाहीर केली. त्यातही टूलला नाव, वर्णन आणि माहितीचा साचा असतो, असं भाच्याने सांगितलं. साचा मशीन तपासतं. वर्णन मात्र माणसालाच लिहावं लागतं, आणि भाच्याच्या मते सगळे तेच घाईत उरकतात.

पुढच्या शनिवारी तो आला. जेवण झाल्यावर आम्ही लिहायला बसलो. आधी एका टूलची दोन केली, एका पालकासाठी वेगळं, वर्गासाठी वेगळं. मग पहिल्याचं वर्णन मी सांगत गेले, तो टाइप करत गेला:

'एकाच विद्यार्थिनीच्या पालकांना मेसेज पाठवते. हजेरी क्रमांक आवश्यक. तो माहीत नसेल तर आधी "विद्यार्थिनी शोधा" हे टूल वापरावे. एकाच नावाच्या दोन मुली आढळल्यास अंदाज न करता शिक्षिकेला विचारावे. पूर्ण वर्गाला कळवण्यासाठी हे टूल वापरू नये. पाठवलेला मेसेज परत घेता येत नाही.'

"फार लांब झालं," तो म्हणाला. मी म्हटलं, असू दे.

'विद्यार्थी' या रकान्याचं नाव 'हजेरी क्रमांक' केलं. सुट्टीच्या टूलमध्ये तारखेवर अडलो. मी कधी मराठीत सांगते, कधी उर्दूत, आणि उर्दूतला 'कल' काल असतो तसा उद्याही असतो. म्हणून लिहिलं: तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच द्यावी, 'कल'चा अर्थ वाक्यावरून ठरत नसेल तर विचारावे. भाचा हसला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि घरात आम्ही सगळे तेच बोलतो!

त्याने कोडमध्येही अडसर घातला. वर्गाला मेसेज जाण्याआधी आता माझ्या फोनवर विचारणा येते. नुसत्या वर्णनावर विसंबू नये, हे त्याचं म्हणणं मला पटलं. चांगल्या सूचना असूनही मुलं चुकतातच.

ती मुलगी तीन रविवार आली नाही. मी घरी गेले. तिच्या अम्मीने चहा केला, खारी दिली, त्या मेसेजचा विषय काढला नाही. मीच काढला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मशीनचं काय, मॅडम." मशीनचं नव्हतं ते, पण तेव्हा मला पुढे बोलता आलं नाही.

चौथ्या रविवारी मुलगी आली, मागच्या बाकावर बसली. मेसेजचं टूल आता चोख चालतं. फीचा निरोप मात्र मी घरी जाऊनच देते.