मलावीचे शेजारी

माझ्या आयुष्यात मासे आले ते गप्पींपासून. शाळेत असताना खिडकीत बरणी आणि तिच्यात गप्पी. पुढे नोकरी लागल्यावर एंजल आणि टेट्रा. शांत माशांबरोबर शांत मासे ठेवायचे, एवढा एकच नियम तोवर पुरत होता. डोंबिवलीच्या घरात चार फुटी टाकी आली, तिच्यात म्बुना आले आणि तो नियम निकालात निघाला.

म्बुना म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावरचे सिक्लिड. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. खडक हेच त्यांचं घर आणि तेच ताट, त्यामुळे प्रत्येक नर आपल्या तुकड्यासाठी दिवसभर भांडतो. त्यांच्यात शांत मासा शोधण्यात अर्थ नाही. शोधायचा तो वेगळा दिसणारा. नर सगळ्यात जास्त चिडतो तो आपल्यासारखाच रंग, आपल्यासारखेच पट्टे असलेल्यावर. म्हणून पिवळाधमक लॅबिडोक्रोमिस, निळ्या पट्ट्यांचा एखादा आणि गंजाच्या रंगाचा एखादा, अशी मांडणी मला जमली. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. मासेही जरा दाटीनेच ठेवायचे: खच्चून भरलेल्या लोकलमध्ये एकाच माणसावर दिवसभर डूख धरता येत नाही, तसंच हे. मात्र दाटी केली की फिल्टर दणकट लागतो आणि दर आठवड्याला पाणी बदलावं लागतं. त्याचा कंटाळा असेल तर गप्पीच बरे.

बाजारात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून पिल्लं मिळतात. ‘सब साथ में चलेगा,’ असं दुकानदार सांगतो, आणि पिल्लं असेपर्यंत चालतंही. त्यातलं काळ्या पट्ट्यांचं गोजिरवाणं पिवळं पिल्लू बहुधा ऑराटस असतं. ते नर निघालं की वयात येताना काळसर होतं आणि टाकीचा ताबा घेतं. मोराच्या रंगांचे पीकॉक सिक्लिडही याच सरोवरातले, पण ते वाळूतले बारीक जीव टिपणारे आणि स्वभावाने मवाळ. त्यांचा मांसाहार म्बुनांच्या लांब आतड्यांना सोसत नाही, पोट फुगून मासा जातो. दोघांना एकत्र ठेवणारे आहेत. मी ठेवत नाही.

तळाशी सिनोडोंटिस जातीचा मार्जारमीन चालतो. त्यातला टांगानिका सरोवराचा ठिपकेवाला तर कोकिळेच्या वळणाचा. सिक्लिडची मादी अंडी तोंडात उबवते, ती अंडी घालत असतानाच हा आपली अंडी त्यांत मिसळतो. त्याची पिल्लं आधी बाहेर येतात आणि तिचीच पिल्लं खातात. असा लबाड सोबती मला आवडतो, हे कबूल.

पण चुकीचा सोबती काय करू शकतो ते पाहा: व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात माणसाने नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. १९८०च्या दशकात त्याची संख्या बेसुमार वाढली आणि तिथल्या सिक्लिडच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. ते तर जगातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक. आपली टाकी चार फुटांची.

तेव्हा म्बुना आणायचेच असतील, तर आधी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घाला, कारण आपलं नळाचं पाणी त्यांना मऊ पडतं. दगडांच्या कपारी रचा, सगळे मासे एकदमच सोडा. आणि ऑराटस फुकट मिळाला तरी घेऊ नका.