खांबाची टिचकी

घसारा ही आम्हां कॉमर्सवाल्यांची लाडकी चीज. पंखा असो की खुर्ची, दरसाल ठरावीक टक्के वजा टाकले की मन शांत होतं. पण लाकडाने कुठे कॉमर्स केलेलं असतं! आमच्या गिरगावातल्या चाळीची गॅलरी ज्या सागवानी खांबांवर नि तुळयांवर उभी आहे, त्यांनी दोन पिढ्या पैचा घसारा दाखवला नाही. मग एका पावसाळ्यात सगळी बाकी एकदम मागितली!

मिस्त्रीने खांबाला हातोडीची टिचकी मारली. आवाज भोपळ्याचा आला. "साहेब, हा खांब नव्हे, रंगाचा पापुद्रा उभा आहे." वाळवी तशी सभ्य. आतलं सगळं खाते, दर्शनी भाग ठेवते. कुजण्याचं गणितही त्यानेच सांगितलं. कायम कोरडं लाकूड कुजत नाही. भिजत-वाळत राहणारं कुजतं. म्हणून तळखड्यावरचं खांबाचं बूड आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक आधी जातं. थोडक्यात, लाकडाला धरसोड मानवत नाही.

उपाय सोपा. आधी टेकू देऊन भार उचलायचा, चांगलं लाकूड लागेपर्यंत बूड कापायचं, नवा तुकडा सांधून बोल्ट मारायचे, तुळईच्या टोकाला लोखंडी चॅनेल द्यायचं. आणि गळकी पन्हळ आधी बदलायची. नाहीतर नवं सागवानही त्याच वाटेने जाणार.

अवघड होता तो खर्च. आमची चाळ १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे उपकराच्या 'अ' वर्गातली. मालक म्हणे, एवढ्याशा भाड्यात खिळाही येत नाही. भाडेकरू म्हणत, गॅलरी मालकाची. कायद्याचा कीस निघाला, तोही त्याच गॅलरीत, वीस जणांनी उभं राहून! शेवटी मिस्त्री खालून ओरडला, "भांडा हो, पण खाली येऊन भांडा!"

खाली आलो, तर तळमजल्यावरच्या काकूंनी डब्यातल्या पाचशेच्या दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या. "या गॅलरीखाली माझा नातू गोट्या खेळतो. आधी खांब उभा करा, मालकी मागाहून ठरवा."

बँकेत इतकी वर्षं नोटा मोजल्या, पण त्या दोन फार जड लागल्या. संध्याकाळपर्यंत वर्गणी जमली. मालकानेही निम्मा वाटा दिला. 'हक्काला बाध न येता' असं लिहून घेऊनच!

आता गॅलरी भक्कम आहे. जो तो जाता-येता खांबाला टिचकी मारून कान लावतो. नवे पाहुणे मात्र चपला काढून नमस्कार करतात. त्यांना वाटतं, जागृत देवस्थान असावं.