पाठ टाचणाची वही

या, हिला भेटा. ही पाठ टाचणाची वही. शिक्षक व्हायला निघालेल्या प्रत्येकाच्या पिशवीत हिचा मुक्काम. डीएडवालीची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, बीएडवालीवर आमच्याकडं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा शिक्का. पहिली ते पाचवीला बीएड चालणार नाही, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यापासून डीएडवाली जरा ताठ मानेनं चालते.

नटण्याची हौस दोघींनाही. समास लाल शाईचे, आकृत्या रंगीत. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन हा क्रम मोडलेला हिला खपत नाही. सरांची सही पडेपर्यंत जिवाला चैन नाही.

शिवाय हट्टी. शिक्षक काय विचारणार ते लिहितेच, पण मुलं काय उत्तर देणार तेही आदल्या रात्रीच शेजारच्या रकान्यात मांडून मोकळी होते. कॉलेजात सूक्ष्म अध्यापनाला हे निभतं. समोर 'विद्यार्थी' म्हणून सोबतचेच छात्राध्यापक बसलेले असतात. ते बरोब्बर रकान्यातलंच बोलतात. वही खूश!

मग इंटर्नशिपला हिमायतनगर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत तिची गाठ खऱ्या पोरांशी पडते. पावसाचं पाणी कुठं जातं? रकान्यात लिहिलंय, जमिनीत मुरतं. मागून आवाज येतो, "सर, नाल्याला! नाल्यातून पैनगंगेला, मग सहस्रकुंडाच्या धबधब्याला!" वही गप्प. अशी टेबलावर मिटून पडलेली असते तेव्हा ती मला सगळ्यात आवडते, कारण आता शिकवणारा पोराकडं बघतो. हे पोर बंजारा तांड्यावरून आलेलं असेल, घरी गोरमाटी बोलत असेल. त्याचं पूर्वज्ञान कॉलेजच्या बाकावर बसून कसं लिहिणार?

कॉलेज हवंच. पोर का अडतं, हे समजायची नजर तिथं मिळते. पण 2015 पासून दोन वर्षांच्या झालेल्या बीएडमध्ये शाळेच्या वाट्याला किमान 20 आठवडे येतात, आणि त्यातलेही कित्येक तास रिकामे वर्ग सांभाळण्यात जातात.

मुख्याध्यापकहो, हे छात्राध्यापक बदली शिक्षक म्हणून वापरू नका. तुमचा एक जुना, मुरलेला शिक्षक त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसवा. तास संपला की वही उघडा आणि पोरानं दिलेलं उत्तर त्या रकान्यात लिहायला लावा.