सरकता काठ

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम पट्ट्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून, जे जलाशय सहलीसाठी म्हणून आज ओळखले जातात त्यांपैकी एकही निसर्गाने घडवलेला नाही, आणि त्यांपैकी एकही मुळात सहलीसाठी बांधलेला नाही. कुठे एखाद्या गावाची तहान भागवायची होती, कुठे वीज करायची होती, कुठे खालच्या खोऱ्यातल्या उसाला आणि ज्वारीला पाणी द्यायचे होते. पाण्याच्या काठी माणसे विसाव्याला येऊन बसली ती मागाहून. या क्रमाचा त्या जागांच्या स्वभावावर खोल परिणाम झालेला दिसतो. नैसर्गिक सरोवराला त्याचा ठरलेला काठ असतो, तर धरणाच्या पाण्याचा काठ वर्षभर खालीवर सरकत असतो, आणि तो कुठे असावा हे किनाऱ्यावर बसलेल्यांच्या हाती तर नसतेच, पण पुष्कळदा त्या जिल्ह्याच्याही हाती नसते.

अमेरिकेत ‘स्टेट पार्क’ नावाची एक रूढ व्यवस्था आहे. तिथले प्रत्येक राज्य आपल्या अखत्यारीत अशी उद्याने राखते. त्यांतली बरीचशी तलावांच्या किंवा धरणांच्या काठी असतात, आणि तंबू ठोकण्याची जागा, नौकाविहार, मासेमारी, पायवाटा, स्वच्छतागृहे या सर्व सोयी एकाच खात्याच्या देखरेखीखाली येतात. महाराष्ट्रात अशी स्वतंत्र कोटी नाही. इथे पाणी जलसंपदा विभागाचे, पलीकडचे जंगल वनविभागाचे, निवास पर्यटन विकास महामंडळाचा किंवा खासगी मालकाचा, नाव स्थानिक बोट क्लबची आणि गावाहून गावाला जाणारी लाँच जिल्हा परिषदेची. एका दिवसाच्या सहलीत माणूस या चार-पाच सत्तांच्या हद्दी ओलांडतो, आणि प्रत्येक हद्दीवर त्याला वेगळी पावती मिळते. ही व्यवस्था गैरसोयीची आहे खरी. तरी तिच्यामुळेच या जलाशयांना एकच एक साचा पडलेला नाही, हेही मान्य करावे लागते.

या साऱ्यांत वयाने मोठा आणि आकाराने लहान असा तलाव महाबळेश्वरचा. सातारच्या गादीवरील शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये तो बांधवला, तो नव्याने वसलेल्या थंड हवेच्या ठिकाणाची पाण्याची गरज भागावी म्हणून. आणि आजही महाबळेश्वर-पाचगणीच्या नळांना वेण्णा तलावाचेच पाणी जाते. काठावर मात्र या गोष्टीची आठवण कुणी काढत नाही. तिथे नगरपालिकेचा बोट क्लब आहे, वल्ह्यांच्या आणि पायाने चालवायच्या नावा आहेत, रपेटीचे घोडे आहेत, निखाऱ्यावर भाजली जाणारी कणसे आहेत, आणि हंगामात स्ट्रॉबेरी व क्रीमचे उंच पेले आहेत. सुटीच्या दिवशी दुपारी चारनंतर या सर्वांचा मिळून जो एक गलका उठतो, तो उपहासाने ऐकणाऱ्यांचा एक वर्ग आहे. पण दोन पिढ्यांच्या मराठी मध्यमवर्गाने आयुष्यातली पहिली नाव इथेच पाहिली असण्याचा संभव मोठा आहे, आणि ज्या तलावाने एवढे केले त्याला गलका माफ असायला हरकत नाही.

वेण्णेचे खरे रूप मात्र डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दिसते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते, थंड झालेली जड हवा उतारावरून ओघळत सखल भागात साचते, आणि बाजारपेठेपेक्षा तलावाकाठचा पारा कितीतरी खाली उतरतो. अशा पहाटे बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर, उभ्या गाड्यांच्या टपांवर आणि लिंगमळ्याकडच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवाचे थेंब गोठून पांढऱ्या कणांची साय धरते. बोट क्लबचे कामगार ती बोटांनी खरवडून दाखवतात, आणि उन्हाची पहिली तिरीप आली की तासाभरात फळ्या नुसत्या ओल्या उरतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी त्याचे छायाचित्र येते. तरीही ते पाहायला उठणारे थोडेच, कारण वेण्णेवर येणारा माणूस सहसा दुपारचा असतो.

वेण्णेच्या पाठीमागे डोंगर उतरून गेले की तापोळ्याला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय लागतो आणि सगळे प्रमाणच बदलते. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना कृष्णेसारखी पूर्वेकडे न वळता सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे धावते, हेळवाकपाशी काटकोनात वळण घेते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरून येऊन भिडते. या वळणाच्या तोंडावर १९५०च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले, पुढच्या दशकाच्या आरंभी पाणी अडले, आणि दक्षिणोत्तर पसरलेली ती अरुंद दरी तिच्या फाट्यांसकट भरून गेली. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे आज १०५.२५ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३० कोटी लिटर. सोळशी आणि कांदाटी या उपनद्यांच्या दऱ्याही पाण्याखाली गेल्यामुळे जलाशयाला हातापायांसारखे फाटे फुटले आहेत, आणि तापोळ्याच्या धक्क्यावरून पाहणाऱ्याला पाणी कुठून येते नि कुठे जाते याचा अंदाज येत नाही. या भागाला ‘मिनी काश्मीर’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. तिने काश्मीरचेही भले होत नाही आणि तापोळ्याचेही नाही. दल सरोवराच्या पाण्यावर वस्ती तरंगते, शिवसागराच्या पाण्याखाली ती बुडालेली आहे.

कोयनेच्या पाण्याचा मोठा वाटा नदीने वाहतच नाही. सह्याद्रीची धार जलाशयापासून पश्चिमेला अगदी जवळ आहे आणि तिच्या पलीकडे कोकण एकदम चारशे मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पाणी पश्चिमेला सोडले की पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील जनित्रे फिरतात आणि मग ते पाणी वाशिष्ठी नदीला मिळते. प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे, आणि कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. हिशेबाचे हे वर्ष, ज्याला धरणावर ‘तांत्रिक वर्ष’ म्हणतात, १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपते. मुंबई-पुण्याच्या घरांत पंखे जोरात फिरू लागले की शिवसागराच्या काठी बामणोलीच्या धक्क्याखालचे पाणी उतरते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

उतरत्या पाण्याचा हा काठ जवळून पाहण्यासारखा असतो. ऑक्टोबरात जिथे झाडीच्या मुळांशी पाणी लागलेले असते तिथे मार्चपर्यंत तांबड्या मातीचा उघडा उतार दिसू लागतो आणि त्यावर पाण्याने थांबत थांबत माघार घेतल्याच्या आडव्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या असतात. बुडून काळ्या पडलेल्या झाडांचे बुंधे वर येतात; कुठे घरांची जोती, कुठे एखाद्या देवळाचा चौथरा उघडा पडतो. नावाडी दर काही दिवसांनी लोखंडी खुंटी उपटून खाली नेतो, मातीत नव्या पायऱ्या खणतो आणि फळी टाकतो. जिथे उतार सौम्य आणि माती मऊ असेल तिथे उघड्या पडलेल्या ओलीवर कडधान्य किंवा भाजीपाला करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक धरणांच्या काठी आहे. अशा जमिनीला गाळपेर म्हणतात, आणि पुष्कळदा आपल्याच बुडालेल्या रानाचा तुकडा काही महिन्यांपुरता परत मिळाल्यासारखे ते असते. पर्यटकांचा मोठा लोंढा नेमका शाळांच्या उन्हाळी सुटीत, म्हणजे काठ सर्वांत खाली गेलेला असताना येतो. तलाव तुडुंब असतो तेव्हा धुके आणि पाऊस यांमुळे पलीकडचा तीर दिसत नाही. भरलेले पाणी आणि मोकळी नजर या दोन्हींचा मेळ पडतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत.

बामणोलीहून लाँचने वासोट्याच्या पायथ्याशी जायला तास-दीड तास लागतो. व्याघ्रगड या दुसऱ्या नावाने ओळखला जाणारा हा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून घेतला. त्या वेळी त्याच्याकडे दरी उतरून पायी जाता येत होते. आता देशावरून त्याची वाट पाण्यावरून जाते, आणि म्हणून गर्दीच्या दिवसांतही तिथे एक अलगपणा टिकून आहे. पलीकडचा तीर कोयना अभयारण्याचा, म्हणजे १९८५ मध्ये संरक्षित झालेल्या जंगलाचा. वनविभाग परवानगी देताना सोबतच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून नोंदवतो आणि परतताना तेवढ्याच आहेत का ते पाहतो. ही मोजणी अनेकांना जाचाची वाटते. प्रत्यक्षात एवढ्या साध्या उपायाने जंगलवाट जितकी स्वच्छ राहते तितकी भल्याभल्या फलकांनी राहत नाही.

याच पट्ट्यात जावळी तालुक्यातील मुनावळे येथे मार्च २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्राचे उद्घाटन झाले आणि जेट स्की, वेगवान बोटी यांचा आवाज या पाण्यावर प्रथमच नेमाने ऐकू येऊ लागला. इथल्या तरुणांना मुंबईच्या वाटेला लावणाऱ्या या दुर्गम खोऱ्यात रोजगार आला तर त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार शहरी निसर्गप्रेमींना नाही. तरीही समोर वासोट्याचे जंगल आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प असताना इंजिनाच्या घरघरीवर सोय उभारावी की शांततेवर, हा प्रश्न उरतोच. शिवसागराजवळ विकायला शांतता भरपूर होती; ती मोजता येत नाही म्हणून तिची किंमत ठरली नाही, एवढेच. धक्क्यावर सावली, स्वच्छ शौचालये, अंगावर नीट बसणारी जीवरक्षक जाकिटे आणि पाण्याबरोबर खालीवर होणारा तरंगता धक्का एवढे असले तर शिवसागराच्या काठी आणखी फारसे काही लागत नाही.

दुसरे असे की या पाण्यावरून केवळ सहलीला आलेली माणसे जात नाहीत. धरणाने पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील गावांच्या वाटा तोडल्या, त्यामुळे तिथल्या रहिवाशांसाठी लाँच म्हणजे एसटीच. दवाखाना, बाजार, तहसील सगळे तिच्यावर अवलंबून. वाहने नेणाऱ्या सपाट नौकेला इथे सगळे बार्ज म्हणतात, आणि तिच्यावर जीपशेजारी खताची पोती, शेळ्या आणि सुटीचे रंगीत कपडे घातलेले कुटुंब एकत्र उभे असलेले दिसते. तापोळा आणि आहीर यांना जोडणारा पूल बांधायला घेतला गेला तेव्हा त्याला प्रेक्षागॅलरी असावी अशी योजना झाली. पुलाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी, ओलांडण्याची आणि थांबून बघण्याची, शिवसागरावर पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

शिवसागराच्या दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली धरणाचा वसंतसागर आहे, आणि तिथली तऱ्हा अगदी उलटी. हे धरण खुजगावला व्हावे की चांदोलीला, यावरून राजारामबापू पाटील आणि वसंतदादा पाटील या नेत्यांमध्ये झालेला वाद सांगली जिल्ह्याच्या राजकारणात अजून बोलला जातो. धरण चांदोलीला झाले, ३४.४० टीएमसी पाणी साठले, आणि भोवतालचे ३१७.६७ चौरस किलोमीटरचे जंगल २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान ठरले. अभयारण्यात काही मानवी हक्क मर्यादित स्वरूपात चालू राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात चराईपासून वस्तीपर्यंत बहुतेक सगळे थांबते. इथल्या गावांना त्यामुळे बाहेर उठून जावे लागले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये दोन्हींचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटात झाला. शिराळा तालुक्यातील मणदूरच्या बाजूने आत जाणाऱ्या पाहुण्याला गाडीतून ठरल्या वाटेने फिरवले जाते. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पोचले की जंगलाच्या घड्यांत शिरलेले वसंतसागराचे पाणी दूर खाली दिसते. त्याला हात लावण्याची सोय तिथे नाही, आणि पावसाळ्यात तर उद्यानाचे फाटकच बंद असते.

त्याच बंद महिन्यांत खालच्या अंगाला या जलाशयांशी लोकांचे नाते सर्वांत जवळचे होते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथील पावसाचे आकडे रोज छापून येऊ लागतात, आणि धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की कोयनानगरला ते बघायला गाड्यांची रांग लागते. नेहरू उद्यानाच्या हिरवळीवरून तो फेसाळ लोट पाहणे ही साताऱ्याकडची एक मान्य करमणूक आहे, जरी याच परिसराने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे १८० माणसे घेणारा भूकंप सोसला असला, आणि जलाशयाच्या भाराने भूकंप कसा उद्भवतो या प्रश्नाचे जगभरच्या अभ्यासकांसाठी ते प्रमुख उदाहरण ठरले असले. सांगलीत मात्र तेच दरवाजे वेगळ्या नजरेने मोजले जातात. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत येते, वारणेचे हरिपूरला येते, आणि दोन्हींचा परिणाम आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या पट्टीवर फुटांत वाचता येतो: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्याही वर. पावसाच्या रविवारी कोयनानगरचे सहलकरी विसर्ग आणखी वाढावा म्हणून दरवाजांकडे डोळे लावून बसतात, आणि त्याच वेळी सांगलीच्या नदीकाठच्या गल्ल्यांतून माणसे घरातले सामान माळ्यावर चढवावे की नाही हे ठरवायला पुलाकडे फेरी मारून येतात.