पिण्यास योग्य

बदली होऊन परमुलखात आलेल्या मराठी माणसास तेथे आपले असे काही सापडले की तो ते घट्ट धरून बसतो. बंगळुरात आम्हांस प्रथम सापडले ते मल्लेश्वरमातील काडु मल्लेश्वराचे देऊळ. शहाजीराजांकडे हे शहर १६३८ नंतर जहागीर म्हणून आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या देवस्थानास गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या कानडी शिलालेखात आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आम्ही त्यांस प्रथम येथे आणतो आणि व्यंकोजी म्हणजे जणू आमचे चुलतआजोबाच, अशा थाटात माहिती देतो.

देवळासमोरचा रस्ता ओलांडला की नंदीतीर्थ. १९९७ पर्यंत ते मातीखाली गाडलेले होते. जागेवर खणाखणी झाली तेव्हा खाली दगडी मंडप, पायऱ्यांची पुष्करिणी आणि दक्षिणेकडे तोंड करून बसलेला नंदी निघाला. त्याच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि तेथून पुष्करिणीत जाते. येणारा प्रत्येकजण ओंजळ पुढे करतो. आम्हीही करतो. त्या पाण्याचे पृथक्करण झाले आहे काय, असे तेथे कोणी विचारीत नाही, आणि विचारू नये हेच बरे. तीर्थ पळीने घ्यावयाचे असते. तेच पाणी घागरीने भरून घरी न्यावयाचे ठरले, की मात्र देवाचे काम संपते आणि आमच्यासारख्या कारकुनांचे सुरू होते.

ते कसे सुरू होते, हे २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या वाट्यास आले. त्या वर्षी मार्चमध्ये शहरातील कूपनलिका भराभर आटल्या. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतल्यास वा बागा शिंपल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. आमच्या सरकारी वसाहतीची कूपनलिकाही होळीच्या आधीच कोरडी पडली. नळास कावेरीचे पाणी एक दिवसाआड येई, तेही रात्री, आणि टँकरवाला भाव सांगे तो निमूटपणे द्यावा लागे. या शहराची ही जुनीच कथा आहे. आपल्या अंगणातले पाणी पुरेनासे झाले की ते दूर दूर जाते. तळी होती, ती बुजली. आज जेथे केंपेगौडा बसस्थानक आहे तेथे धर्मांबुधी नावाचे तळे होते. मग हेसरघट्टा झाले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी झाले, आणि १९७४ पासून जवळजवळ शंभर किलोमीटरांवरून कावेरी उचलून आणणे सुरू झाले. तेव्हा वसाहतीच्या मागच्या भिंतीपाशी, खडकाच्या कपारीतून बारमाही झिरपणारा एक झरा आहे, याची अचानक सर्वांस आठवण झाली. एरवी त्या बाजूस कोणी फिरकत नसे.

रहिवाशांची सभा झाली. झऱ्यास चौकोनी टाके बांधावे, झाकण घालावे, नळ काढावा आणि पिण्याचे पाणी म्हणून रीतसर मंजुरी घ्यावी, असा ठराव झाला. सभेत अधिकारी पुष्कळ होते. पण अर्जाचा मसुदा म्हटल्यावर सर्वांच्या दृष्टी ज्या खुर्चीकडे वळल्या, तीत आम्ही बसलो होतो. कारकुनाची प्रतिष्ठा अशाच प्रसंगी उजळते.

मसुदा करावयास बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडलो. अर्ज कोणाच्या नावे करावा? जमीन केंद्र सरकारची. पाणी हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचा. घरगुती पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविण्यासारखा म्हणून नोंदलेला. १८८२ चा सुविधाधिकार कायदा काढून पाहिला, तर जमिनीखालचे, निश्चित प्रवाहात न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाचा. आमचे मालक दिल्लीत. कूपनलिका घ्यावयाची तर अर्जाचा छापील नमुना मिळतो. परंतु कोणी न खणता, आपण होऊन, फुकट येणाऱ्या पाण्यासाठी एकाही नमुन्यात आम्हांस रकाना आढळला नाही. २०१८ च्या नीती आयोगाच्या अहवालात देशात अदमासे पन्नास लाख झरे असल्याचे म्हटले आहे, त्यांतील तीस लाखांच्या आसपास हिमालयात. पन्नास लाखांस एक रकाना नाही! अखेर आम्ही 'इतर' या शब्दापुढे खूण केली. सरकारी कागदावरील हा शब्द मोठा दयाळू आहे.

चार कचेऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी माणसे सौजन्याने वागली, आणि प्रत्येकाने दुसऱ्या कचेरीचे नाव सांगितले. एका वृद्ध कानडी अधीक्षकांनी मात्र चष्मा काढून विचारले, "पाण्याची तपासणी केली का? आधी ती करा. मंजुरी माणूस देतो, पण पाणी योग्य आहे की नाही ते पाणीच सांगते." आम्ही त्यांस मनोमन नमस्कार केला.

येथे वाचकांस थोडे तांत्रिक सांगितले पाहिजे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आय.एस. १०५०० या क्रमांकाचे आहे. ते प्रथम १९८३ मध्ये निघाले आणि २०१२ मध्ये दुसऱ्यांदा सुधारले गेले. त्यात बऱ्याच घटकांस दोन मर्यादा आहेत: एक इष्ट, आणि दुसरा पाणवठा नसेल तर चालवून घ्यावयाची. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा उपाय नसल्यास २००० पर्यंत चालतील. फ्लोराइड १ असावे, निरुपायाने दीड. परंतु काही बाबतींत मानकाने निरुपाय हा शब्दच काढून टाकला आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैलाजन्य जंतू एकही आढळता कामा नये. नायट्रेट ४५ च्या वर गेले की संपले. तेथे सवलत नाही. कनवाळूपणा आणि कठोरपणा कोठे ठेवावा, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा सरकारी कागद आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

नमुना निर्जंतुक बाटलीत घेतला, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचविला. अहवाल आला. क्षार ठीक, फ्लोराइड ठीक, रंग आणि वास निर्दोष. ई. कोलाय होता. नायट्रेट मर्यादेच्या वर होते.

भर उन्हाळ्यात झरा आटत नाही, याचे आम्हा सर्वांस केवढे कौतुक होते! त्या कौतुकाचे कारण अहवालाने सांगून टाकले. बंगळूरची भूमी कठीण पाषाणाची. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. पूर्वी त्या थरास पाऊस पाजीत असे. आता वर्षभर त्यास गळक्या नळांचे आणि फुटक्या गटारांचे पाणीही मिळते. झरा बारमाही होता, कारण आमची गटारेही बारमाही होती.

पुन्हा सभा झाली आणि दोन तट पडले. एक म्हणे, झरा बुजवून टाका, उगाच जबाबदारी नको. दुसरा म्हणे, आमचे पूर्वज असलेच पाणी पिऊन नव्वद वर्षे जगले. या दुसऱ्या तटाचा आम्हांस मनापासून राग येतो. आमचे आजोबा माणदेशातले. त्यांच्या घोट्याजवळ एक जुनी, सुरकुतलेली खूण होती. लहानपणी पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी प्यायले आणि नारू झाला. हातभर लांबीचा तो जंत पायातून बाहेर येऊ लागला की काडीस गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावयाचा. तुटला तर पाय सडे. रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, तेथे अळ्या सुटत, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या जलजीवाच्या पोटात जात, आणि पुढच्या तांब्यातून पुढच्या माणसाच्या. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. विहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे आणि रहाट बसविले, पाणी गाळून पिण्यास शिकविले. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या पायऱ्या सुंदर होत्या यात संशय नाही. बुजविल्या याचे दुःख करणाऱ्याने आमच्या आजोबांचा पाय पाहावयास हवा होता.

पहिल्या तटाचा, बुजवा म्हणणाऱ्यांचा, मार्गही आम्हांस पटत नव्हता. इंग्लंडात बाथ येथे रोमनांच्या काळापासूनचे उष्ण झरे आहेत. १९७८ मध्ये तेथील पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या विकाराने दगावली. पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा निघाला. झरा तत्काळ बंद झाला. पण त्या लोकांनी तो बुजविला नाही. पाणी खोलवर शुद्ध आहे आणि वर येता येता नासते, हे त्यांनी शोधून काढले आणि पुढील दशकात नवी कूपनलिका घेऊन ते खालीच गाठले. आज तेथे पाहुण्यांस पेला भरून ते पाणी मिळते. दूर कशास, आमच्या शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीला सिहिनीरु केरे, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे, आहे. बंगळूरचे सांडपाणी शुद्ध करून त्यात सोडतात. ते मातीतून गाळून काठच्या जुन्या, टाकून दिलेल्या विहिरीत उतरते, आणि तेथून उपसून, पुन्हा शुद्ध करून, तपासून, गावास पिण्यासाठी देण्याची योजना झाली. सारांश, उपाय असतो. त्यास पैसा, चिकाटी आणि दर महिन्याची एक बाटली लागते.

हा वाद चालू असताना भिंतीपलीकडे जे चालले होते, त्याचा उल्लेख कोणाच्याच भाषणात नव्हता. पलीकडे एका इमारतीचे बांधकाम चालू होते. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, आणि झऱ्याचा ओघळ भिंतीखालून तिकडे जात असे. आम्ही अहवाल खिशात घालून तिकडे गेलो. एक तरुण बाई डबा भरीत होती, पाठीस मूल बांधलेले. आमचे मोडके कानडी ऐकून ती हसली आणि म्हणाली, "मराठी बोला की सायेब. आमी बिदरकडले, भालकीचे."

परमुलखात अशी भाषा कानी पडली म्हणजे काय होते, ते या मासिकाच्या वाचकांस सांगणे नको. आम्ही विचारले, "हे पाणी पिता काय तुम्ही?"

"हेच पितो की. टँकर काय आमच्यासाठी येतो व्हय? लेकराला उकळून देते मी. डागदरीण बाई बोलली होती."

मूल चार महिन्यांचे. आईचे दूध पुरत नव्हते; भुकटीचे दूध त्याच पाण्यात कालवून देत होती. उकळल्याने जंतू मरतात, हे तिला कोणी तरी नीट सांगितले होते आणि ती ते नेमाने करीत होती. परंतु नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. मोठ्या माणसास सहसा काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतील, बाटलीवरच्या मुलाच्या रक्ताची मात्र प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने जाऊ शकते. मूल निळे पडते. तिने जे बिनचूक केले, ते अपुरे होते. हे आम्हांस तिला सांगावे लागले. ती घाबरली नाही. डबा खाली ठेवून तिने एवढेच विचारले, "मग कोणतं पाणी देऊ?"

या प्रश्नास अहवालात उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्हांस महाडची आठवण फार झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला; महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. मंजुरी पूर्ण होती, पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासह आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि प्यायले, तेव्हा नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला! दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल लागला. आमच्या वसाहतीची तुलना त्या संग्रामाशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. तेथे पाणी रोखून धरले होते. आमच्याकडे ते वाईट आहे असे कळले होते. पण 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी आम्ही आतल्या बाजूस लावणार, स्वतः कावेरीचे आणि वीस लिटरच्या कॅनचे पाणी पिणार, आणि भिंतीखालून जाणारा ओघळ ज्यांच्याकडे जातो त्यांनी पाटी वाचावी अशी अपेक्षा करणार, हे आम्हांस सहन होईना. दुसरे पाणी दाखविल्याशिवाय पहिले बंद करणारा हुकूम आमच्या मते अर्धाच हुकूम होय.

म्हणून आम्ही टिपणी लिहिली. पाटी दोन्ही बाजूंस आणि कानडी, मराठी, हिंदी अशा तीन भाषांत लावावी. झऱ्याचे पाणी धुण्यास व झाडांस वापरावे. गटाराची गळती शोधून दुरुस्त करावी. पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना घ्यावा. आणि तोपर्यंत वसाहतीच्या नळावरून भिंतीबाहेर एक तोटी द्यावी. पहिली चार कलमे सर्वानुमते संमत झाली. पाचव्यावर हरकती आल्या: बाहेरचे लोक पात्र कसे, मीटर कोणाचा, उद्या कायमचा हक्क सांगितला तर? हरकती सर्वस्वी निराधार होत्या असे आम्ही म्हणत नाही. आम्ही अशाच हरकती लिहून संसार चालवितो. कलम 'विचाराधीन' राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरचे एक निवृत्त कानडी गृहस्थ बागेची रबरी नळी घेऊन भिंतीपाशी गेले. ती पलीकडे टाकून त्यांनी आपल्या स्वयंपाकघराचा नळ सोडला आणि घड्याळ लावून दहा मिनिटे उभे राहिले. "याला मंजुरी?" असे कोणी तरी विचारले. ते म्हणाले, "परवागिल्ला." म्हणजे, चालायचेच. त्यानंतर रोज साडेसहास ती नळी भिंतीवरून जाऊ लागली. त्यांस बरे नसेल त्या दिवशी आमच्या घरून जाई, आणि आमच्या सौभाग्यवती घड्याळ न लावता उभ्या राहत.

गणपतीच्या सुमारास इमारत पुरी झाली आणि ती माणसे दुसऱ्या कामावर गेली. जाताना ती बाई मुलास घेऊन आली होती. मूल आता बसू लागले होते आणि आमच्या चष्म्यास हात घालीत होते. गळती दोन ठिकाणी सापडली. एक दुरुस्त झाली. ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाल्यावर वसाहतीची पाण्याची ओरड थांबली, आणि तिच्याबरोबर झऱ्याची चौकशीही. दुसऱ्या नमुन्यात ई. कोलाय होताच, पण नायट्रेट पहिल्याहून उतरले होते. तिसरा नमुना घ्यावयाचा आहे. त्यासाठी आणलेली बाटली आमच्या कपाटात आहे, आणि अर्जाच्या उत्तरादाखल आलेले पत्र तिच्या खाली. बागेसाठी व धुण्यासाठी वापरास हरकत नाही, असे त्यात कळविले आहे. पिण्याच्या प्रस्तावाचा विचार करण्यासाठी लाभ घेणाऱ्यांची संख्या कळवावी, असेही म्हटले आहे.